जिंकलेल्यांचे शहाणपण

१६ जून २०१५ च्या रात्री अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एनबीए या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम मालिका संपली. कॅलिफोर्नियातील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचा सहाव्या सामन्यात १०५-९७ असा पराभव करून मालिका चार विरुद्ध दोन अशी जिंकली आणि १९७५ नंतर, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी, विजेतेपद मिळविले. खेळाचा निकाल लागला. वादाला मात्र त्याच क्षणी आरंभ झाला. मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून परीक्षकांनी निवडलेला आंद्रे इग्वोडाला पहिल्या तीन सामन्यांत आरंभी मैदानात उतरणाऱ्या पाच जणांतही नव्हता. उलट दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंत सर्वाधिक गुण मिळविणारा, फळीवरून वा कड्यावरून परतलेले सर्वाधिक चेंडू ताब्यात घेणारा आणि सहकाऱ्यांच्या गुणांना थेट कारण ठरलेले सर्वाधिक पास देणारा खेळाडू एकच होता, आणि तो पराभूत संघात होता. या तिन्ही बाबतींत एकाच खेळाडूने अंतिम मालिकेत अग्रस्थान मिळवावे, असे त्यापूर्वी कधीही घडले नव्हते. तो लेब्रॉन जेम्स आपल्याच शहराच्या मैदानावरून त्या रात्री रिकाम्या हातांनी बाहेर पडला.

इग्वोडालाची निवड योग्य होती काय, हा वाद त्यानंतर दशक उलटून गेले तरी क्रीडारसिकांत मिटलेला नाही. वरकरणी पाहता हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. मालिका संपली, चषक वाटले गेले, खेळाडूंचे केस पांढरे होऊ लागले. आता कोणी कोणाला काय सिद्ध करून द्यावयाचे? परंतु या वादाकडे जरा बारकाईने पाहिले तर त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. सर्वांत चांगला कोण खेळला, हा पहिला प्रश्न. निकाल कोणामुळे फिरला, हा दुसरा. आणि ज्यांनी निर्णय घेतले त्यांचे निर्णय ते घेतले त्या वेळी योग्य होते काय, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. रसिकांची, आणि बऱ्याचदा जाणकारांचीही, चूक होते ती येथे, की ते तिन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे गुणफलकावर, शोधू लागतात.

पाच जणांचा खेळ, सात सामन्यांची मालिका

बास्केटबॉलमध्ये हा वाद इतर खेळांपेक्षा अधिक तीव्र का होतो, याला खेळाच्या रचनेतच कारण आहे. मैदानावर एका बाजूचे केवळ पाच खेळाडू असतात. क्रिकेटमधील थोर फलंदाज बाद झाला की त्याला तंबूत बसून राहावे लागते. बास्केटबॉलमधील थोर खेळाडू मात्र सामन्याच्या ४८ मिनिटांपैकी ४०-४५ मिनिटे मैदानात राहू शकतो, आक्रमणही करतो आणि बचावही करतो. साहजिकच एका व्यक्तीचा प्रभाव या खेळात जितका पडतो, तितका अन्य सांघिक खेळांत क्वचितच पडत असेल. तारांकित खेळाडूंभोवती दंतकथा निर्माण होतात त्या यामुळेच.

दुसऱ्या बाजूला, अंतिम फेरी हा एकच सामना नसून चार विजय मिळविणाऱ्याने जिंकावयाची सात सामन्यांची मालिका असते. तोच प्रतिस्पर्धी दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा समोर उभा राहतो. पहिल्या सामन्यात उघडी पडलेली दुबळी बाजू दुसऱ्यात झाकावी लागते. दुसऱ्यात यशस्वी झालेली युक्ती तिसऱ्यात ओळखली जाते. म्हणूनच ही मालिका खेळाडूंच्या बाहुबळाइतकीच प्रशिक्षकांच्या बुद्धिबळाची असते. बाहुबळ श्रेष्ठ की बुद्धिबळ, याचा निवाडा करण्याचा मोह रसिकांना आवरत नाही, आणि तो आवरावा असे कोणी म्हणणारही नाही.

२०१५ च्या मालिकेत हे दोन्ही रंग गडद होते. क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह खांदा निखळल्यामुळे पूर्वीच्याच फेरीत जायबंदी झालेला होता. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि गोल्डन स्टेटने तो १०८-१०० असा जिंकला. त्याच जादा वेळेत कायरी अर्व्हिंग या दुसऱ्या आधारस्तंभाच्या गुडघ्याची वाटी मोडली. तीन नामवंतांपैकी एकटा जेम्स उरला. तरीही पुढचे दोन सामने क्लीव्हलँडने ९५-९३ आणि ९६-९१ असे जिंकले. अंतिम मालिकेतील एखादा सामना जिंकण्याची त्या संघाच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती.

हे कसे घडले? क्लीव्हलँडने सामन्याची गतीच रोखून धरली. नियमाप्रमाणे प्रत्येक आक्रमणात २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो. जेम्स त्यांतील बहुतेक सेकंद चेंडू हातात खेळवीत घालवी आणि मग धडक मारी. पाहणाऱ्यांना हा खेळ कंटाळवाणा वाटला. एकाच माणसाने चालविलेली मक्तेदारी अशी त्यावर टीकाही झाली. पण त्यामागे पक्का हिशेब होता. दुबळ्या संघाला थोड्या संधींचा खेळ नेहमीच सोयीचा असतो. एका बाजूस किंचित झुकलेले नाणे तीनदाच उडवावयाचे असेल तर दैव कोणालाही साथ देऊ शकते. शंभरदा उडवावयाचे झाल्यास नाण्याचा मूळ कल लपून राहत नाही. प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांचा संघ नाणे शक्य तितके कमी वेळा उडवीत होता. त्याच वेळी मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा या फारशा नाव नसलेल्या खेळाडूने स्टीफन करीला जखडून टाकले होते. दुसऱ्या सामन्यात करीने टाकलेल्या २३ फेकींपैकी केवळ पाच बास्केटमध्ये गेल्या. त्या वर्षी संपूर्ण स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट ठरलेल्या खेळाडूची ही अवस्था होती.

चौथ्या सामन्यातील बदल

दोन विरुद्ध एक अशा पिछाडीवर असताना गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह केर यांनी चौथ्या सामन्यासाठी संघात एक बदल केला. सात फूट उंचीचा अँड्र्यू बोगट हा मध्यस्थानी खेळणारा खेळाडू त्यांनी आरंभीच्या पाचातून वगळला आणि सहा फूट सहा इंच उंचीच्या इग्वोडालाला उतरविले. बास्केटबॉलसारख्या उंचीच्या खेळात उंच माणूस काढून ठेंगणा आणणे हे सामान्य प्रेक्षकाला उफराटे वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्यामागील तर्क असा की, बास्केटजवळ ठाण मांडून बसणारा आपला उंच खेळाडू नसला म्हणजे प्रतिपक्षाच्या उंच खेळाडूलाही ती जागा सोडून दूर जावे लागते. मैदान मोकळे होते, वेग वाढतो, लांबून फेक करणाऱ्यांना श्वास घेण्यास जागा मिळते. शिवाय क्लीव्हलँडकडे बदली खेळाडू थोडे होते. खेळ जितका वेगवान, तितकी त्यांची दमछाक अधिक.

हा बदल केर यांच्या मनात उपजला नव्हता. निक युरेन या त्यांच्या २८ वर्षांच्या साहाय्यकाने ही सूचना केली होती. २०१४ च्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती तो पाहत होता. त्या मालिकेत सॅन अँटोनिओ स्पर्स संघाने तिसऱ्या सामन्यापासून बोरिस डियॉ या खेळाडूला आरंभीच्या पाचात आणून मायामी हीट संघाला नामोहरम केले होते. मायामीचा म्होरक्या तेव्हा लेब्रॉन जेम्सच होता. जे त्या वर्षी साधले ते याही वर्षी साधेल, असा युरेनचा कयास होता. केर यांनी तो मानला. सामन्यापूर्वी वार्ताहरांना त्यांनी संघात बदल नसल्याचे सांगितले आणि नंतर आपण खोटे बोललो याची कबुलीही दिली. गोल्डन स्टेटने तो सामना १०३-८२ असा जिंकला, आणि पुढचे दोनही.

सामन्यानंतर केर यांनी या कल्पनेचे श्रेय युरेनला जाहीरपणे दिले. ते न देता गप्प बसणे त्यांना सहज शक्य होते. कोणत्याही संस्थेत, कार्यालयात वा मंत्रालयात कनिष्ठाची कल्पना वरिष्ठाच्या सहीने बाहेर पडते आणि ती फळाला आली की वरिष्ठाच्याच नावावर जमा होते, हा नित्याचा अनुभव आहे. ज्याचे नावही प्रेक्षकांना ठाऊक नाही अशा तरुणाचे म्हणणे संकटाच्या घडीला ऐकून घेणे आणि यश मिळाल्यावर ते त्याच्या पदरात टाकणे, यात केर यांचा जो मोठेपणा दिसतो, तो त्या बदलाच्या यशापयशावर अवलंबून नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. त्या चौथ्या सामन्याच्या आरंभी क्लीव्हलँडने ७-० अशी आघाडी घेतली होती. केर यांना तातडीने खेळ थांबवून संघाला सावरावे लागले. त्या क्षणी प्रेक्षकांना विचारले असते, तर हा बदल म्हणजे घायकुतीला आलेल्या प्रशिक्षकाचा आततायीपणा होय, असेच उत्तर मिळाले असते. दोन तासांनंतर तोच आततायीपणा दूरदृष्टी ठरला. निर्णय तोच होता, त्यामागचे तर्कही तेच होते. फलकावरील आकडे तेवढे बदलले होते.

ब्लॅट यांची कोंडी

याच नाण्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. चौथ्या सामन्यात बोगट नसल्याचा लाभ क्लीव्हलँडच्या तिमोफे मोझगॉव्हने पुरेपूर घेतला. सात फूट एक इंच उंचीच्या या रशियन खेळाडूने २८ गुण मिळविले. तरीही संघ २१ गुणांनी हरला, कारण मोझगॉव्ह एका टोकाला जे मिळवी, त्याहून अधिक दुसऱ्या टोकाला वाहून जाई. आता ब्लॅट यांनी काय करावयाचे? मोझगॉव्हला ठेवावे तर चपळ प्रतिस्पर्ध्यांच्या मागे तो धावू शकत नाही. काढावे तर हातचा उंचीचा लाभ जातो. पाचव्या सामन्यात ब्लॅट यांनी दुसरा मार्ग पत्करला. मोझगॉव्ह जेमतेम नऊ मिनिटे खेळला आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. जेम्सने ४० गुण, १४ रिबाउंड आणि ११ असिस्ट अशी कामगिरी केली. करीने ३७ गुण मिळविले. क्लीव्हलँड १०४-९१ असे हरले.

रसिकांचा निवाडा तात्काळ तयार होता. आदल्या सामन्यात २८ गुण मिळविणाऱ्याला बसवून ठेवणाऱ्या प्रशिक्षकाचे तेलही गेले आणि तूपही गेले! पण हा निवाडा देणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे ध्यानात घेतले, की मोझगॉव्हला खेळवूनही संघ २१ गुणांनी हरला होता, आणि त्याच्याविना खेळलेल्या सामन्यात तो शेवटच्या सत्रातही काही काळ आघाडीवर होता? ब्लॅट यांच्यापुढे चांगला आणि वाईट असे दोन मार्ग नव्हतेच. दोन्ही वाईटच होते, आणि त्यांतील कमी वाईट कोणता एवढेच ठरवावयाचे होते. संकटात सापडलेल्या प्रत्येक नेत्याची अवस्था बहुधा अशीच असते. प्रेक्षकाला मात्र न निवडलेला मार्ग नेहमीच राजमार्ग वाटतो, कारण त्या मार्गावरील खाचखळगे कोणी पाहिलेले नसतात. पानिपतच्या मोहिमेची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या मराठी वाचकाला तरी हे वेगळे सांगावयास नको.

जानेवारी २०१६ मध्ये ब्लॅट यांना पदावरून दूर करण्यात आले. त्या दिवशी त्यांच्या संघाने ४१ पैकी ३० सामने जिंकलेले होते आणि तो आपल्या विभागात अग्रस्थानी होता. या बडतर्फीची कारणे एका मोझगॉव्हच्या प्रकरणात शोधणे बरोबर होणार नाही. परंतु पराभूत प्रशिक्षक ही मुद्रा एकदा कपाळी बसली की पुढील विजयही ती पुसू शकत नाहीत, एवढे मात्र त्यातून दिसले.

सात विरुद्ध चार

मूळ वाद सर्वोत्कृष्ट खेळाडूचा. अकरा परीक्षकांपैकी सात जणांनी इग्वोडालाला आणि चार जणांनी जेम्सला मत दिले. इग्वोडालाची सरासरी प्रत्येक सामन्यात १६.३ गुणांची होती, जेम्सची ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट अशी. केवळ आकड्यांची तुलना करावयाची तर वादाला जागाच नाही.

तरीही इग्वोडालाच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही. जेम्सला अडविण्याचे मुख्य काम त्याच्याकडे होते. जेम्सने गुण पुष्कळ मिळविले, पण त्यासाठी फेकीही पुष्कळ टाकल्या आणि त्यांपैकी जेमतेम ४० टक्के यशस्वी झाल्या. त्याच्यासारख्या खेळाडूला इतक्या वाया जाणाऱ्या फेकी टाकावयास लावणे, हेच बचावाचे यश होय. इग्वोडाला आरंभीच्या पाचात आला आणि त्यानंतरचे तिन्ही सामने त्याच्या संघाने जिंकले. शिवाय त्यापूर्वीच्या संपूर्ण कारकिर्दीत तो ज्या ज्या सामन्यात खेळला त्या प्रत्येक सामन्यात आरंभापासून मैदानात उतरलेला खेळाडू होता. त्या वर्षी प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून त्याने बदली खेळाडूची जागा पत्करली आणि नियमित हंगामातील एकाही सामन्यात त्याला आरंभी उतरविले गेले नाही. मानाची जागा सोडून संघासाठी बाकावर बसणाऱ्याचा अखेरीस असा गौरव व्हावा, यात एक नैतिक समाधानही होते.

तिसरा पक्षही आहे आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. करीची सरासरी २६ गुणांची होती. त्याची धास्ती घेऊन प्रतिपक्षाचे दोन-दोन खेळाडू त्याच्या अंगावर धावत, आणि त्यामुळे जी जागा मोकळी होई तीतून इग्वोडाला गुण मिळवी. मग श्रेय कोणाचे? दार उघडणाऱ्याचे की आत शिरणाऱ्याचे? गुणतक्त्यात दार उघडणाऱ्यासाठी रकाना नसतो. आकडे हे साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. आणि साक्षीदाराला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो.

परंतु जेम्सच्या विरोधातील खरा मुद्दा यांपैकी कोणताच नव्हता. खरा मुद्दा हा, की त्याचा संघ हरला. हे विधान अन्यायकारक वाटू नये म्हणून पुढच्याच वर्षाचा दाखला पाहावा. २०१६ च्या अंतिम मालिकेत हेच दोन संघ पुन्हा भेटले. त्या वेळी जेम्सची सरासरी २९.७ गुण, ११.३ रिबाउंड आणि ८.९ असिस्ट अशी होती; म्हणजे गुण आणि रिबाउंड दोन्ही आदल्या वर्षीपेक्षा कमी. या वेळी अकराच्या अकरा मते त्याला मिळाली. त्याच्या फेकींची अचूकता ४९ टक्क्यांवर गेली होती, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. पण अर्व्हिंग आणि लव्ह हे दोघेही या वेळी त्याच्या बरोबर होते, हेही विसरता येत नाही. चार मतांची अकरा मते होण्यास अचूकतेतील ही वाढ किती कारणीभूत झाली आणि संघाचा विजय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पराभूताचा एकमेव गौरव

पराभूत संघातील खेळाडूला हा मान मिळूच नये, असा काही नियम नाही. किंबहुना हा पुरस्कार प्रथम दिला गेला तो १९६९ साली, आणि तो मिळाला पराभूताला. लॉस अँजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टने बोस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या त्या मालिकेत सामन्यामागे ३७.९ गुण मिळविले. सातव्या सामन्यात मांडीच्या स्नायूची दुखापत अंगावर काढीत तो ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट नोंदवून गेला. आणि संघ १०६-१०८ असा दोन गुणांनी हरला. विजयोत्सवासाठी फुग्यांनी भरलेल्या जाळ्या सभागृहाच्या छताला आधीच टांगून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

त्या सामन्यातील डावपेचांचा वादही अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. अखेरची काही मिनिटे शिल्लक असताना लेकर्सचा महाकाय विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याने परत येण्याची तयारी दर्शविली. परंतु प्रशिक्षक बुच व्हान ब्रेडा कोल्फ यांनी त्याला मैदानात घेतले नाही. हा अहंकाराचा कळस होता, असे आजही म्हटले जाते, आणि त्या दोघांचे पटत नव्हते हे खरेच आहे. मात्र चेंबरलेन बाहेर गेल्यावर संघाची पिछाडी कमी होत एका गुणापर्यंत आली होती, हेही तितकेच खरे आहे. चाललेली घडी विस्कटू नये असे एखाद्या प्रशिक्षकाला वाटले तर त्याला मूर्ख ठरविता येईल काय? लेकर्स दोन गुणांनी जिंकले असते, तर याच निर्णयाचे वर्णन एका थोर खेळाडूपुढे न नमणाऱ्या प्रशिक्षकाचे धैर्य असे झाले असते. ते हरले, आणि व्हान ब्रेडा कोल्फ यांनी लवकरच ते पद सोडले.

बोस्टनचा बिल रसेल त्या मालिकेत खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. तेरा हंगामांतील ते त्याचे अकरावे विजेतेपद. त्यानंतर तो निवृत्त झाला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्याला कधीच मिळाला नाही, पण २००९ पासून तो पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. १९६९ च्या परीक्षकांनी विजय रसेलच्या संघाचा आणि पराक्रम वेस्टचा, असे दोन वेगळे निवाडे एकाच रात्री देण्याचे धाडस दाखविले होते. त्यानंतर आजतागायत पराभूत संघातील एकाही खेळाडूला हा मान मिळालेला नाही. कर्ण थोर की अर्जुन, यावर ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या वाद रंगले, त्याला तरी पराक्रम आणि विजय यांतील हा भेद परका वाटू नये.

सहाशे नव्व्याण्णव विरुद्ध सहाशे नव्व्याण्णव

निकालावर किती भार टाकावा, याचा विचार करताना २०१६ च्या मालिकेतील एक योगायोग डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. नियमित हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकण्याचा विक्रम करून आलेला गोल्डन स्टेट संघ तीन विरुद्ध एक असा पुढे होता. क्लीव्हलँडने तेथून तीन-तीन अशी बरोबरी साधली. सहा सामन्यांतील दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज केली तर ती ६१० आणि ६१० अशी तंतोतंत सारखी भरते. सातव्या सामन्याची शेवटची मिनिटे आली तेव्हा ८९-८९ अशी बरोबरी होती. म्हणजे सात सामन्यांची बेरीज प्रत्येकी ६९९! त्या वेळी इग्वोडाला बास्केटकडे धावला. चेंडू आत जाणार असे वाटत असताना मागून आलेल्या जेम्सने तो फळीवरच थोपविला. नंतर अर्व्हिंगची तीन गुणांची फेक बास्केटमध्ये गेली आणि क्लीव्हलँडने सामना ९३-८९ असा जिंकला. त्या शहराच्या एखाद्या प्रमुख व्यावसायिक संघाने १९६४ नंतर मिळविलेले ते पहिलेच विजेतेपद होते.

त्या एका फेकीच्या अंतराने किती निवाडे फिरले! ब्लॅट यांची जागा घेणारे टायरॉन लू धोरणी ठरले, आणि ब्लॅट यांना काढण्याच्या निर्णयावर आपोआप शिक्कामोर्तब झाले. केर यांच्यावर मात्र टीकेची झोड उठली. बोगट पाचव्या सामन्यात जायबंदी झाला होता, म्हणून सातव्या सामन्यात त्यांनी मध्यस्थानी आरंभी फेस्टस एझेली या उंच खेळाडूला उतरविले. तो निष्प्रभ ठरला. उंच खेळाडू काढला म्हणून एका वर्षी ज्यांना द्रष्टे म्हटले गेले, तेच पुढल्या वर्षी उंच खेळाडू खेळविला म्हणून आंधळे ठरले. या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. परंतु ६९९ गुणांची बरोबरी झाल्यानंतर पडलेली एक फेक संपूर्ण मालिकेतील प्रत्येक निर्णयाचा मापदंड कशी होऊ शकते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही.

याचा अर्थ निकाल निरर्थक आहे असा नव्हे. खेळ जिंकण्यासाठीच खेळला जातो, आणि वर्षानुवर्षे हरणाऱ्या प्रशिक्षकाने माझे तर्क बरोबर होते असे म्हणत राहणे हास्यास्पद होय. दीर्घकाळात निकाल बोलतात. पण एका सामन्याचा निकाल कुजबुजतो इतकेच, आणि रसिक त्या कुजबुजीला आकाशवाणी समजतात. निर्णयाचे मोल करावयाचे असेल तर तो घेणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होते, त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते आणि त्याने निवडलेल्या मार्गामागे काय तर्क होता, हे पाहावे लागते. या कसोटीवर केर यांचा २०१५ चा बदल चांगला निर्णय ठरतो. तो यशस्वी झाला म्हणून नव्हे, तर आदल्या वर्षीच्या पुराव्यावर आणि प्रतिपक्षाच्या थकव्याच्या अचूक अंदाजावर तो उभा होता म्हणून. त्याच कसोटीवर ब्लॅट यांचा पाचव्या सामन्यातील निर्णयही समर्थनीय ठरतो, जरी तो फसला तरी.

भारतात हे सामने सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. कामावर वा महाविद्यालयात जाण्यापूर्वी ते पाहणारे तरुण दिवसभर त्यांवर हुज्जत घालतात. वडीलधाऱ्यांना ती वेळेची उधळपट्टी वाटते. पण ही हुज्जत जर नीट घातली, तर पुराव्याचे वजन कसे करावे, आकड्यांना काय विचारावे, आणि यशस्वी माणसाचे सारेच बरोबर व अपयशी माणसाचे सारेच चूक या सोप्या समजुतीपासून मनाला कसे वाचवावे, याचे इतके स्वस्त आणि निरुपद्रवी शिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण आहे. निवडणुकीत, युद्धात किंवा व्यापारात हाच धडा फार महागात शिकावा लागतो.

२०१५ चा पुरस्कार इग्वोडालाला मिळाला, त्याबद्दल त्याचा हेवा करण्याचे कारण नाही. मानाची जागा सोडण्याची किंमत त्याने वर्षभर मोजली होती. परंतु त्या सहा सामन्यांत सर्वांत चांगला कोण खेळला, असे कोणी विचारले, तर उत्तर जेम्स असेच द्यावे लागेल, आणि ते देताना तो हरला होता हे सांगण्यास कचरण्याचे कारण नाही. चांगला निर्णय फसू शकतो आणि सर्वश्रेष्ठ खेळाडू हरू शकतो, एवढे मान्य करणारा रसिकच खेळ खऱ्या अर्थाने पाहतो. बाकीचे केवळ गुणफलक वाचतात.